९८ टक्के कशाचे?

करोनाची साथ ओसरली, पण घरोघरी थर्मामीटरच्या शेजारी एक वस्तू मागे ठेवून गेली: बोटाला लावायचं ऑक्सिमीटर. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई आणि आरोग्यसेवक ते घेऊन दारोदार फिरले आणि ‘सॅचुरेशन’ हा शब्द वाडीवस्तीपर्यंत पोचला. आता कुणाला दम लागो, चक्कर येवो की छातीत धडधडो, आधी ते यंत्र शोधलं जातं. ९८ आकडा उमटला की सगळं घर सुटकेचा निःश्वास टाकतं. ऑक्सिजन चांगला आहे, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही.

हा निष्कर्ष पुष्कळदा चुकीचा ठरतो. यंत्र खोटं बोलत नाही. त्याला विचारलेला प्रश्न आणि आपल्या मनातला प्रश्न वेगळे असतात, एवढंच.

हवेतला ऑक्सिजन पेशीपर्यंत पोचेस्तोवर चार ठिकाणी त्याचं काम अडू शकतं. फुप्फुसात तो रक्तात उतरतो, रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला धरतं, हृदय ते रक्त पुढे ढकलतं आणि शेवटी पेशी तो वापरते. ऑक्सिमीटर यातल्या दुसऱ्या ठिकाणी उभं राहून एकच गोष्ट सांगतं: जेवढं हिमोग्लोबिन आहे, त्यातलं किती टक्के भरलेलं आहे. मुळात हिमोग्लोबिन किती आहे, हे त्याला कळत नाही. एसटीची सगळी आसनं भरली आहेत एवढं कंडक्टरने सांगितलं, तर स्टँडवरून किती प्रवासी गेले ते समजत नाही. त्यासाठी गाड्या किती सुटल्या ते विचारावं लागतं.

आता हिशेबच करू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं तर साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. ज्या बाईचं हिमोग्लोबिन १४ आहे, म्हणजे दर शंभर मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम, आणि सॅचुरेशन ९८, तिच्या एक लिटर रक्तात सुमारे १८४ मिलिलिटर ऑक्सिजन असतो. तिच्या शेजारणीचं हिमोग्लोबिन ७ आहे. तिच्याही बोटावर ९८ च येईल, पण लिटरमागे ऑक्सिजन मिळेल ९२ मिलिलिटर. न्यूमोनियामुळे जिचं सॅचुरेशन ९० वर घसरलंय पण हिमोग्लोबिन १४ आहे, तिच्या रक्तात अजून १६९ मिलिलिटर आहे. या तिसरीला घेऊन आपण धावत दवाखाना गाठतो आणि ते बरोबरच आहे. पण दुसरीला मात्र ‘यंत्रात तर सगळं नॉर्मल आहे, उगाच दमल्याचं सांगते’ असं ऐकून घ्यावं लागतं.

रक्त कमी असेल तर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे वर सांगितलेली शेजारीण काल्पनिक असली तरी तिच्यासारख्या बायका प्रत्येक गल्लीत आहेत. शरीर ही तूट भरून काढायला हृदयाला जुंपतं. गाड्या कमी, म्हणून फेऱ्या वाढवल्या. म्हणूनच जिना चढताना धडधडतं, पाण्याची कळशी उचलली की धाप लागते, संध्याकाळी पाय ओढावे लागतात. हे सगळं इतक्या हळूहळू होतं की माणूस त्यालाच आपला स्वभाव समजू लागतो.

अशा वेळी ऑक्सिमीटर बाजूला ठेवा आणि सीबीसी करून घ्या. ही साधी रक्ततपासणी आहे, सरकारी दवाखान्यातही होते. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. पाळीत अंगावरून जास्त जाणं हे आपल्याकडचं मोठं कारण, आणि त्याविषयी बायका सगळ्यात उशिरा बोलतात. पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या बाईत हिमोग्लोबिन उतरलं असेल तर नुसत्या गोळ्या खाऊन गप्प बसू नये. मूळव्याध, जठरातला व्रण किंवा आतड्यातली गाठ यातून रक्त झिरपतंय का, हे शोधावंच लागतं. वर्षानुवर्षं शाकाहारी असलेल्यांनी बी-१२ तपासून घ्यावं.

लोहाच्या गोळ्यांबद्दल घराघरांत तक्रार असते: मळमळतं, शौचाला काळं होतं. काळं होणं अपेक्षितच आहे, त्याने घाबरू नका. मळमळ फार असेल तर गोळी सोडून देण्याआधी डॉक्टरांना विचारा. हल्ली कित्येक डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात, कारण रोज घेतलेल्या डोसामुळे आतडं पुढच्या दिवशीचं लोह कमी शोषतं असं दिसून आलंय. गोळीसोबत लिंबूपाणी चालेल, आवळा चालेल. चहा मात्र नाही. जेवून उठल्याबरोबर कपभर चहा ही आपली लाडकी सवय लोहाची वैरीण आहे; जेवण आणि चहा यांत तास-दीड तास जाऊ द्या. अळीव, मटकी, पालेभाज्या जरूर खा, लोखंडी कढईत भाजी करा, पण हिमोग्लोबिन ७ असताना गूळ-शेंगदाण्यांवर भिस्त ठेवण्यात काही अर्थ नाही. त्याने भरून यायला जन्म जाईल. औषध लागू पडलं तर महिनाभरात आकडा निदान एका ग्रॅमने वर सरकतो. तो नीट झाल्यावरही डॉक्टर तीनेक महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात, कारण साठा रिकामाच असतो.

नंदुरबार, गडचिरोली आणि एकूणच विदर्भ-खानदेशातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. तिथल्या अनेक समाजांत सिकलसेलचा आजार आहे. त्यात हिमोग्लोबिनची घडण बदललेली असते; ऑक्सिजन सोडला की ते एकमेकांना चिकटून ताठ होतं आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. घरात कुणाला सांधे आणि हाडं ठणकण्याचे झटके येत असतील, लहानपणापासून रक्त कमी असेल, तर लोह सुरू करण्याआधी सिकलसेलची तपासणी करा. लग्न ठरवण्याआधी दोघांनीही केली तर फारच बरं.

९० ची रेघ

आता आकडा खरोखरच घसरतो तेव्हाचं बोलू. इथे एक गंमत आहे आणि तिचा उपयोगही मोठा आहे. फुप्फुसातल्या वायुकोशांत ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो १०० वरून ६० पर्यंत उतरला, म्हणजे बराच उतरला, तरी सॅचुरेशन ९८ वरून ९० पर्यंतच येतं. हिमोग्लोबिन तोवर तग धरून राहतं. ६० च्या खाली मात्र कडाच लागतो: दाब थोडासा घटला तरी सॅचुरेशन धडाधड कोसळतं. म्हणून ९८ आणि ९६ यांत जीव टांगणीला लावण्यासारखं काही नसतं, पण ९१ आणि ८७ यांत फार मोठा फरक असतो. करोनाच्या काळात कित्येक रुग्ण नीट बोलत होते, फोनवर होते आणि सॅचुरेशन ऐंशीच्या घरात होतं. धाप लागण्याची मुख्य प्रेरणा रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडमधून येते. तो साचत नसेल तर ऑक्सिजन घसरल्याची वर्दी मेंदूला फार उशिरा मिळते.

या यंत्रामागची मूळ कल्पना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या ताकुओ आओयागी या अभियंत्याला सुचली. तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, असे दोन प्रकाश बोटातून आरपार जातात. भरलेलं हिमोग्लोबिन त्यातला एक जास्त शोषतं, रिकामं दुसरा. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला उसळणाऱ्या रक्तावरून यंत्र प्रमाण काढतं. एवढं समजलं की वापरण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत. नाडीचा ठोका बोटापर्यंत नीट पोचला पाहिजे, म्हणून हात थंडगार असेल तर चोळून ऊब आणा. प्रकाश आरपार गेला पाहिजे, म्हणून नेलपॉलिश काढा, बोटावर काळी मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. पाचेक मिनिटं स्वस्थ बसा, हात हलवू नका, आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. यंत्रातला नाडीचा आकडा मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल तर सॅचुरेशनवरही विश्वास ठेवू नका. त्वचा सावळी-काळी असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं, हे अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून पुढे आलंय. आपल्याला ते लक्षात ठेवायलाच हवं.

सगळ्यात उपयोगाचं काम आजारी नसताना करायचं असतं. घरातल्या प्रत्येकाचं, विशेषतः म्हाताऱ्या माणसांचं, नेहमीचं सॅचुरेशन वहीत लिहून ठेवा. ज्यांचं एरवी ९८ असतं त्यांचं तापात ९४ झालं तर ती बातमी आहे. जुना दमा किंवा धुरामुळे फुप्फुस झिजलेल्या आजोबांचं एरवीच ९१ असेल तर त्यांच्यासाठी ९१ ही बातमी नाही. एरवी धडधाकट माणसाचं ९४ च्या खाली गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर, ९० किंवा त्याखाली गेलं तर थेट रुग्णालय.

आणि यंत्राइतकंच, कधी कधी त्याहून जास्त सांगणारी एक गोष्ट फुकट मोजता येते: मिनिटाला श्वास किती. एका श्वासात आपण अर्धा लिटर हवा घेतो, पण त्यातली सुमारे दीडशे मिलिलिटर घसा आणि श्वासनलिकांतच अडकते. वायुकोशांपर्यंत जातच नाही. मिनिटाला १६ नेहमीचे श्वास घेतले तर आठ लिटर हवेतली साडेपाच लिटर कामी येते. तीच आठ लिटर ४० उथळ श्वासांत घेतली तर फक्त दोन लिटर. छाती भराभर हलताना दिसते, मेहनत दुप्पट होते आणि हाती लागतं निम्म्याहून कमी. मोठ्या माणसाचे विश्रांतीत १२ ते २० श्वास ठीक. २५ च्या पुढे गेले तर सॅचुरेशन चांगलं असलं तरी दाखवून घ्या. दोन महिने ते वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. मोजताना ‘तुझा श्वास मोजतेय’ असं सांगू नका. सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेऊ लागतो.

आसनावर भलताच बसला

हिवाळ्यात दरवर्षी वर्तमानपत्रात एक बातमी येते: न्हाणीघरात गॅस गिझर चालू, दार-खिडकी बंद, आतलं माणूस बेशुद्ध. बंद खोलीत गॅस जळताना ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घातलेला वास इथे कामाचा नाही, कारण गॅस गळत नसतो, तो नीट जळत नसतो. हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही पेशींपाशी सहजी सुटू देत नाही. कहर असा की दोन प्रकाशांवर चालणाऱ्या ऑक्सिमीटरला हे बसलेलं पाहुणं ऑक्सिजनच वाटतं. माणूस मरणाच्या दारात आणि यंत्रावर ९८.

म्हणून गॅस गिझर न्हाणीघराच्या आत नकोच. बाहेर, वारा खेळेल अशा जागी बसवा. आत असलेला लगेच हलवता येत नसेल तर खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा आणि मग अंघोळीला आत जा. थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणं, बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून बसणं, बंद जागेत जनरेटर लावणं, हे सगळं त्याच जातीचं. घरातल्या दोघातिघांचं एकाच वेळी डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर आल्यावर बरं वाटतंय, तर पित्त म्हणून सोडून देऊ नका. कुणी पडलं तर आधी गॅस बंद, दार-खिडक्या उघड्या, माणूस बाहेर, मग १०८ ला फोन. रुग्णालयात ‘गॅस गिझर चालू होता’ हे वाक्य आठवणीने सांगा. ते ऐकल्यावर डॉक्टर रक्ताची वेगळी तपासणी करतील आणि शुद्ध ऑक्सिजन लावतील. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर एक-दीड तास. विडी-सिगारेट ओढणारे लोक स्वतःच्या हिमोग्लोबिनचा काही टक्के भाग रोज याच वायूला भाड्याने देत असतात, तेवढं जाता जाता.

हवाच दगा देते तेव्हा

ऑक्सिजनला फुप्फुसातून रक्तात ढकलणारा कुणी नाही. जिकडे दाब जास्त तिकडून कमी असेल तिकडे तो जातो, इतकंच. वायुकोशात १००, परत आलेल्या निळसर रक्तात ४०. तेवढ्या फरकावर काम चालतं. वायुकोश ३० ते ५० कोटी, त्यांचं एकूण क्षेत्रफळ सुमारे साडेसातशे चौरस फूट, आणि हवा व रक्त यांमधला पडदा एका मायक्रॉनहूनही पातळ. तांबडी पेशी तिथे पाऊण सेकंदच असते, पण पाव सेकंदात ती भरते.

आता ही उतरण उलटी करून पाहा. श्वासातल्या हवेत ऑक्सिजन इतका कमी असेल की वायुकोशातला दाब ४० च्याही खाली गेला, तर ऑक्सिजन रक्तातून फुप्फुसात आणि तिथून बाहेर जाऊ लागतो. प्रत्येक श्वास माणसाला आणखी रिकामं करतो. जुन्या विहिरीत, शेणखताच्या किंवा मैल्याच्या टाकीत उतरलेला माणूस घुसमटत, हातपाय झाडत मरत नाही. एक-दोन श्वासांत मुकाट खाली बसतो. वर उभ्या असलेल्याला वाटतं पाय घसरला. तो वाचवायला उतरतो. मग तिसरा. अशा बातम्यांत मृतांची संख्या सहसा एक नसते, त्याचं कारण हे आहे.

सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची पद्धत होती. तोंड बंद केल्यावर आतला ऑक्सिजन संपतो म्हणून तर हळदीला कीड लागत नाही. पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नसे; आधी वारा खेळू देत. ही शिस्त विहिरीलाही हवी. उतरण्याआधी ब्लोअरने बराच वेळ हवा सोडा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा आणि त्याचं दुसरं टोक वर दोघांच्या हातात ठेवा. दिवा सोडून बघण्याची जुनी रीत अर्धीच खरी आहे: ज्योत विझली तर नक्कीच उतरू नका, पण ती जळत राहिली म्हणून विषारी वायू नाही असं होत नाही, आणि गोबरगॅस किंवा मैल्याच्या टाकीत दिवा नेणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. अशा टाकीत माणूस उतरवायचाच नाही. ते यंत्राचं काम आहे. विहिरीच्या आत डिझेल पंप चालवू नका. आणि कुणी पडलंच, तर मागोमाग उडी मारू नका. दोराने ओढा, १०१ ला अग्निशमन दलाला बोलवा. भाऊ खाली पडलेला असताना हे पाळणं किती कठीण, ते कळतं. तरीही.

हवेचा दुसरा दगा सौम्य आहे आणि आपण तो तिकीट काढून पत्करतो. लेह ३,५०० मीटरवर, केदारनाथ त्याहून जरा उंच. तिथे हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण मुंबईइतकंच, सुमारे २१ टक्के असतं. पण हवेचा एकूण दाब जवळपास दोन-तृतीयांश असतो, म्हणून फुप्फुसातली उतरण सपाट होते. पहिल्या दिवशी तिथे धडधाकट माणसाचं सॅचुरेशन ८८-९० दिसलं तर ते त्या उंचीला साजेसंच आहे. तिथे आकड्यापेक्षा लक्षणं बघायची. डोकेदुखीसोबत उलट्या, चालताना झोक जाणं, बरळणं, बसल्याजागी धाप किंवा खोकला, यातलं काही दिसलं तर एकच खरं औषध: खाली उतरणं, रात्र असली तरी.

‘दर रविवारी गड चढतो, मला काही होत नाही’ हे मी ट्रेकर मंडळींकडून फार ऐकतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. त्या उंचीवर शरीराची परीक्षाच होत नाही, आणि विरळ हवेचा त्रास दमसास बघून होत नसतो. उलट तरणीबांड मुलं पहिल्याच दिवशी पळापळ करून पडतात. विमानाने लेहला उतरलात तर दोन दिवस नुसतं बसा, दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळा. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची जागा रोज पाचशे मीटरहून अधिक वाढवू नका. आधीपासून घ्यायच्या डायमॉक्सच्या गोळीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर तसं सांगा. यात्रेच्या वाटेवर विकले जाणारे ऑक्सिजनचे डबे मनाला धीर देतात, दुसरं फारसं काही करत नाहीत: दहा लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटांत संपतो. मूत्रपिंड ऑक्सिजन घटल्याचं ओळखून तांबड्या पेशी वाढवायचा हुकूम सोडतं, पण तो अमलात यायला आठवडे लागतात. आपली सहल तोवर संपलेली असते. पेशी हे कसं ओळखतात, ते शोधणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं.

पंप आणि भट्टी

स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त फिरवतं, म्हणजे सुमारे एक लिटर ऑक्सिजन पेशींच्या दारात नेऊन ठेवतं. पेशी त्यातला पाव लिटरच घेतात. बाकीचा अडीअडचणीला राखीव. धावताना स्नायू तापतात, आम्ल होतात, आणि तापलेल्या, आम्ल जागी हिमोग्लोबिनची पकड आपोआप सैल होते. जिथे गरज जास्त, तिथे जास्त सुटतो. कार्बन डायऑक्साइड वाढला की ही पकड सैल होते, हे १९०४ मध्ये क्रिस्तियान बोर या डॅनिश शास्त्रज्ञाने दाखवलं. अणूची रचना मांडणारा नील्स बोर त्याचाच मुलगा.

पेशीत गेल्यावर ऑक्सिजनचं काम फार थोड्या जागेत, मायटोकॉन्ड्रियात, होतं. अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन एकामागून एक खाली उतरत येतात, शेवटी त्यांना घ्यायला ऑक्सिजन उभा असतो आणि त्याचं पाणी होतं. तो असला तर ग्लुकोजच्या एका रेणूतून एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, सुमारे ३० रेणू मिळतात, नसला तर दोन. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजनचा वाटा वीस टक्के. रक्त थांबलं तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते आणि चार-पाच मिनिटांत कायमची इजा सुरू होते.

यातून एक फार कामाची गोष्ट निघते. उभं माणूस एकदम कोसळलं, हाक मारून, हलवूनही प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा अधूनमधून आचका दिल्यासारखा आहे, तर बहुधा हृदय थांबलेलं असतं. त्या क्षणी त्याच्या रक्तात ऑक्सिजन भरलेलाच असतो, फक्त रक्त हलत नसतं. म्हणून तोंडाने श्वास द्यायला येत नसेल तरी हातावर हात धरून बसू नका. १०८ ला फोन लावून स्पीकर चालू ठेवा, छातीच्या मधोमध तळहात रोवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल दाबत राहा. थकलात तर दुसऱ्याला बसवा, पण थांबू नका. बुडालेल्या माणसाचं आणि लहान मुलांचं गणित उलटं असतं: त्यांच्यात ऑक्सिजनच आधी संपलेला असतो, तिथे श्वास देणंही तितकंच गरजेचं.

प्राणायामाबद्दल विचारल्याशिवाय आपल्याकडे हा विषय पुरा होत नाही. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, त्यामुळे दीर्घ श्वासाने रक्तात ऑक्सिजनची भर पडण्याइतकी जागाच नसते. संथ श्वसनाने मन निवतं, नाडी सावकाश होते, दमेकऱ्याला श्वासावर ताबा येतो. हे फायदे पुरेसे आहेत, त्यांना ऑक्सिजनचा टिळा लावायची गरज नाही. भराभर श्वासाने मात्र कार्बन डायऑक्साइड धुऊन जातो, ओठ-बोटं मुंग्यावतात, गरगरतं. विहिरीत किंवा तलावात बुडी मारण्याआधी मुलं असे दहा-वीस जोरदार श्वास घेतात, जास्त वेळ पाण्याखाली राहता यावं म्हणून. श्वास घ्यायची ऊर्मी येण्याआधीच ऑक्सिजन संपतो आणि पट्टीचा पोहणारा मुलगा पाण्याखालीच बेशुद्ध होतो. हे पोहायला शिकवणाऱ्या प्रत्येकाने सांगितलं पाहिजे.

घरी ऑक्सिजन आणताना

ऑक्सिजन हे औषध आहे, त्याला डोस असतो. वर्षानुवर्षं चुलीच्या धुराने किंवा विडीने फुप्फुस झिजलेल्या रुग्णात सॅचुरेशन ८८ ते ९२ ठेवायचं असतं. मुलगा प्रेमाने नॉब वाढवून ९९ करतो. आजोबांचा कार्बन डायऑक्साइड साचत जातो, ते गुंगीत जातात आणि घरच्यांना वाटतं, किती दिवसांनी शांत झोप लागली. नॉब डॉक्टरांनी सांगितल्या खुणेवरच ठेवा. ज्यांना घरी कायम ऑक्सिजन सांगितलाय त्यांनी तो दिवसातून निदान पंधरा तास, झोपेतसुद्धा, घ्यायचा असतो; दम लागला की दहा मिनिटं, असा नव्हे.

कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो आणि खोलीतली हवा ओढून तिच्यातला नायट्रोजन काढून टाकतो, म्हणून भिंतीला चिकटवू नका, मागची जाळी दर आठवड्याला धुवा. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्यात सगळं भडकतं. त्या खोलीत विडी नाही, देवापुढची निरांजन-उदबत्ती नाही, नाकातोंडाला व्हॅसलिन किंवा तेल नाही. देवघर त्याच खोलीत असेल तर रुग्णाची खाट हलवा. भारनियमन असलेल्या गावात जोडीला एक सिलिंडर हवाच. छोट्या, बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर वायू असतो; मिनिटाला दोन लिटरने तो बारा तास पुरतो. काट्यावर दाब किती आहे ते दर आठवड्याला बघा, सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा, आणि तो उघडायची चावी त्याच्याच मानेला दोरीने अडकवून ठेवा, कारण वीज जाते ती रात्रीच.